शटरचा टीव्ही

“असलं खोकं तर भंगारवालाबी उचलत नाही,” श्रावण म्हणाला आणि बुटाच्या टोकानं त्यानं टीव्हीच्या लाकडी पायाला ढोसलं.

माणिकबाई समोरच उभ्या होत्या. सत्तरी गाठलेली बाई. टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल त्यांनी उचलून बाजूला ठेवला आणि खुर्चीत बसल्या. नवरा, रामराव पाटील, जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. वलगावच्या त्या मोठ्या घरात आता त्या एकट्याच होत्या.

श्रावण गेली पंधरा वर्षं जुने टीव्ही गोळा करत होता. अकोल्यात, जठारपेठेत, त्याचं बियाण्यांचं दुकान होतं आणि दुकानावरचा अख्खा मजला टीव्हींनी भरला होता. पडद्यावर सरकतं लाकडी शटर असलेले, चार पायांचे, गोल बटणांचे. दर्यापूर, मूर्तिजापूर, बडनेरा, जिथून खबर लागेल तिथून आणलेले. एकात कोंबडीनं अंडी घातली होती, एक गोठ्यात गुरांच्या कुटाराच्या ढिगाखाली दबला होता. अशा घरांची त्याला किळस यायची. चित्र येण्याआधी पडद्याच्या मध्ये उमलणारा पांढरा ठिपका, तापलेल्या धुळीचा वास, बटण फिरवताना बोटाला लागणारी टकटक, यातलं ज्यांना काहीच कळलं नाही त्यांच्या नशिबी टीव्ही आलाच कशाला, असं त्याला वाटायचं. संग्रह पाहायला येणारे मोबाइलवर फोटो काढून जायचे. त्यांनाही तो मनातल्या मनात मूर्खच म्हणायचा. त्याची बायको रागिणी एकदा म्हणाली होती, “एवढे दुरुस्त करता, पण एकाही समोर दोन मिनिटं बसत नाही तुमी.”

खरं तर त्याला एकच टीव्ही हवा होता. हा.

तो अकरा वर्षांचा असताना वलगावातच राहायचा. गावात टीव्ही एकच, पाटलांचा. रविवारी सकाळी त्यावर देवादिकांची मालिका लागायची. श्रावणची आई, सुंदराबाई, डोक्यावर टोपली घेऊन घरोघर भाजी विकायची. एका रविवारी मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, द्यायला ती पाटलांकडे गेली, तेव्हा तो मागे लागला. दार अर्धं उघडं होतं. आतून शंखाचा आवाज आला, रथांची चाकं खडखडली. त्यानं उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला. माणिकबाई धावतच आल्या.

“चिखलाचे पाय घेऊन कुठं शिरून राहिला? टीव्ही का भाजीवाल्यायच्या पोरायसाठी घेतला आमी?”

आणि दार लागलं. त्याच्या तोंडावर, आईच्या तोंडावर. आईनं पदरानं त्याचे पाय पुसले आणि पुढच्या घराकडे निघाली. तिनं तेव्हा काही म्हटलं नाही, नंतरही कधी म्हटलं नाही. ते त्याला जास्त लागलं होतं.

या टीव्हीसाठी त्यानं जठारपेठेत जागाही ठरवून ठेवली होती. वर इतर टीव्हींसोबत नाही. खाली जिन्यापाशी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यावर चपला ठेवायच्या.

“मले ओळखलं का बाई?” त्यानं विचारलं. काकू म्हणायचं नाही, हे त्यानं येतानाच ठरवलं होतं.

“नाही बा.”

“सुंदराबाई भाजीवालीचा श्रावण. तुमी मले या दारातून हाकललं होतं. मायच्या समोर.”

माणिकबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मान खाली घातली. श्रावणला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरोखरचं बरं वाटलं.

“घेऊन जा,” त्या हळूच म्हणाल्या. “मले त्याचं काही नको.”

“थांबा. आत काही उरलं का ते तर पाहू द्या.”

सवयीनं त्यानं मागचे स्क्रू काढले आणि झाकण उतरवलं. आत धूळ होती, जाळी होती. पण कथिलाचा डाग दिल्याची एकही नवी खूण नव्हती. एक सुटा भागसुद्धा कधी बदललेला नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला मेकॅनिकनं पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, त्या काळी सगळेच लिहायचे तसं: ‘पिक्चर ट्यूब गेली. फक्त आवाज. दिवाळी ८६.’

खाली दुसरी नोंद नव्हती.

श्रावणनं ते दोनदा वाचलं. तो या दारात उभा राहिला होता तो त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. सत्त्याऐंशी. त्यात चूक नव्हती.

“ट्यूब तर आधीच गेली होती,” तो म्हणाला. “मंग त्या रविवारी तुमी सारे आत बसून काय पाहून राहिले होते?”

“पाहून नाही. आयकून राहिलो होतो.” माणिकबाई खाली पाहतच बोलल्या. “दीड वर्ष नुसतं आयकलं. पडदा काळा, अन् आमी सारे त्याच्यासमोर मांडी घालून बसलेलो. नवी ट्यूब बसवाची ऐपत नोती. अन् टीव्हीवाले पाटील मनून नाव तर पंचक्रोशीत झालं होतं. सासूबाईची ताकीद होती, कोणाचाच पाय आत पडू द्याचा नाही.”

श्रावणच्या हातात झाकण तसंच राहिलं.

“तोंडातून वंगाळ गेलं माह्या, ते खरं हाये,” त्या म्हणाल्या. “पण दार तुले हाकलाले नोतं लावलं, बापू. आत काहीच दिसत नाही, हे गावाले दिसू नये मनून लावलं होतं.”