अठरावी लिंक

चितेगावच्या त्या कारखान्यात मशिनी सतरा, अन् मेघाच्या रिपोर्टात लिंका अठरा. आता बोला!

दर सोमवारी मशिनींचा पीडीएफ निघायचा. मेघानं असा प्रोग्राम लिहिला, की पहिल्या पानावर यादी आपोआप बनावी, अन् नावावर क्लिक केलं की त्या मशिनीचं पान, फोटोसकट उघडावं. आज साहेबांना आवडला की तिची नोकरी पक्की.

तिनं अठराव्या लिंकेवर क्लिक केलं. फोटोची चौकट कोरी, अन् खाली एवढंच: चालू, सात तास.

तिनं लिंक काढून टाकली. तिकडं सतरा नंबर बंद पडली. लिंक परत लावली, तर मशीन सुरू. मेघाला भीती कमी, नवल जास्त. वेळ झाली तसा रिपोर्ट आपोआप साहेबांकडं गेला, अन् ही निघाली कारखान्यातल्या जुन्या कामगाराकडं, सांडूकाकांकडं.

"काका, अठरावी मशीन कुठंय?"

"नाय की. रांगंच्या शेवटी मोकळी जागा हाय नुसती."

तिथं फरशीवर कालच्या दसऱ्याचा झेंडूचा हार होता.

"मग हा हार कुणाला?"

"समद्या मशिनींना घालतो, तसा इथं बी. नाय घातला तर सतरा नंबर रुसती."

मेघा हसली. खाली बसून तिनं हाराशेजारी हात टेकला. फरशी कोमट लागली.

तेवढ्यात दुसऱ्या हातातला फोन वाजला. साहेब होते.

"मेघा, रिपोर्ट झकास. फक्त अठराव्या पानावरच्या फोटोत, चालू मशिनीत हात घालून बसलेली ही पाठमोरी बाई कोण?"

सांडूकाका हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, हात हळू काढा."