चादरीची घडी

"रिकाम्या खुर्चीसमोर सगळेच शूर असतात," म्हणत सुभेदार गांगुर्ड्यांनी कॅम्पातल्या देवळात हार देऊन परत निघालेल्या नवसाबाईंना हाक मारली. "मावशी, जरा बसता का इथं? ही पोरं टांझानियाच्या फौजेतली. आपली कवायत शिकून तिकडं शिकवणार. शहिदाच्या घरी झेंडा कसा सोपवायचा, ते चाललंय आज. समजा, पोरगा बिनलग्नाचा होता. तुम्ही त्याची आई."

"मला काय जमंल, साहेब?"

"काही करायचं नाही. घ्यायचं आणि परत द्यायचं."

नवसाबाईंनी रिकामी पाटी खाली ठेवली, पदर सावरला आणि त्या बसल्या. झेंड्याच्या जागी बराकीतली पांढरी चादर होती, घट्ट घडी घातलेली. सार्जंट जुमा संथ पावलं टाकत आला, वाकला, आणि चादर देताना त्याची नजर खाली गेली.

"नजर सामने!" सुभेदार कडाडले. "फिर से!"

नवसाबाईंनी चादर परत दिली. जुमा पुन्हा आला. या वेळीही नजर खाली गेली. चादर पुन्हा परत.

त्यांच्या स्वतःच्या पोराला, राजला, झेंड्यात गुंडाळून आणलं तेव्हा बायांनी त्यांना मागं ओट्यावर धरून ठेवलं होतं. झेंडा सुनेच्या हाती गेला. बायकोचा मान पहिला, रीतच तशी. तेरावं झाल्यावर सून, भाग्यश्री, माहेरी गेली ती झेंडा पेटीत घालून घेऊन गेली. तिचाच होता. नवसाबाईंनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. एकदा हात लावायचा तेवढा राहून गेला.

"मावशी, त्याच्याकडं बघा. तुम्ही खाली बघता म्हणून तोही बघतो."

त्यांनी वर पाहिलं. कोवळं पोर. पापण्यांवर मैदानाची धूळ. जुमाची नजर हलली नाही. त्यानं चादर त्यांच्या तळहातांवर ठेवली. उन्हानं ती कोमट झाली होती.

"शाब्बास! अस्सं पाहिजे!" सुभेदार खूश झाले. "द्या मावशी, आता पुढचा येऊ दे."

जुमानं हात पुढे केले. नवसाबाईंनी चादरीची सुटलेली कड आत दुमडली आणि घडी छातीशी धरली.

"बरोबर झालं ना, साहेब? मंग आता राहू द्या."

जुमाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्यानं हुकमाची वाट न पाहता हात मागे घेतले.