तशीच गाडी

बाळंतपणाला गंजाडला माहेरी आलेल्या दक्षाला पहाटे कळा सुरू झाल्या आणि तिच्या बापाची, चिमणची, जुनी निसान मायक्रा सुरूच होईना. गाडीतला दिवा रात्रभर चालू राहून बॅटरी उतरली होती. कुंपणापलीकडे चिमणच्या धाकट्या भावाची, विनोदची, तशीच गाडी उभी होती. दोघांनी त्या वापीहून जोडीने आणल्या होत्या. पुढे बांधावरून बिनसलं आणि बोलणं तुटलं. चिमणची जीभ काही रेटेना. शेवटी दक्षानेच हाक मारली, “विनोदकाका, गाडी द्या.” विनोदने बाहेर येऊन कुंपणावरून चावी पुढे केली. आईने दक्षाला मागे बसवलं. चिमण स्टेअरिंगवर बसला, पण घाईत त्याच्याकडून चावी आत जाईना. “विनू, तूच चालव,” चिमण म्हणाला आणि डावीकडे येऊन बसला. गाडी डहाणूच्या दवाखान्याकडे निघाली. मग विनोद म्हणाला, “दादा, बेल्ट लाव.”