बदली खेळाडू

ज्ञानकोशाच्या कचेरीत नोंदी तपासणाऱ्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. लेखी आधार नसेल, तर हा माणूस स्वतःच्या बापाचंही नाव छापू देणार नाही, अशी त्याची ख्याती होती.

आज त्याच्या टेबलावर एका हौशी क्रिकेटपटूचं चरित्र होतं. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी खेळणारा गोलंदाज. एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, म्हणून कोशात आला. नोंद लिहिणारी लेखिका समोर बसली होती.

“सर, एवढं एकच अडलंय. दहाव्या बळीचा झेल बदली खेळाडूने घेतला, पण धावपुस्तकात त्याचं नावच नाही.”

“बदली खेळाडूचं नाव तिथे लिहीत नसत,” कात्री म्हणाला. “गोलंदाजाला विचारलंस?”

“केला ना फोन. म्हणाले, होता कुणीतरी, पाणी आणून देणारा. झेलही सोपाच होता म्हणे, आयता हातात येऊन बसला.”

कात्रीने चष्मा काढून पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

“मग ते वाक्य ठेवू की काढू, सर?”

“आधार नाही ना? मग काढायचं.”

त्याने लाल पेन उचललं आणि वाक्यावर एक सरळ रेघ ओढली. पेन धरताना त्याची करंगळी नेहमीसारखी ताठच राहिली. चाळीस वर्षांपूर्वी तो आयता झेल घेताना मोडली, ती पुन्हा कधी मिटलीच नव्हती.