मैदानाचा बुक्का

पांढऱ्या रेघेपाशी तो थबकला. मातीला हात लावून कपाळाला नेल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही, ही बाळपणीची सवय पोर्तुगालच्या क्लबकडून फुटबॉल खेळतानाही सुटली नव्हती. धुक्यातले तिथले प्रेक्षक आधी हसले, मग त्याच्याबरोबर वाकू लागले.

आज कोल्हापुरात त्याच्या जुन्या तालमीचा संघ दुसऱ्या तालमीशी भिडणार होता, आणि सामन्याची पहिली किक मारायचा मान त्याचा. पण खेळून झिजलेला गुडघा वाकेना, आणि न वाकता आत जायला मन धजेना. गॅलरीतला गलका टाळांच्या गजरासारखा लहरत आला, त्यात परदेशातला जुना घोष मिसळला, आणि सगळं मैदान धुक्यावर तरंगू लागलं.

"काय रं, मुहूर्त बघतोस?" समोरच्या तालमीचा जुना गोलकीपर जवळ आला, एकेकाळचा हाडवैरी, आता कीर्तनातला टाळकरी.

"वाकता येईना, गड्या."

"मग? कीर्तनात बुक्का कुणी आपल्या हातानं लावतं व्हय?"

वैऱ्यानं वाकून चिमूटभर माती उचलली, त्याच्या कपाळी लावली. त्यानं तीच बोटानं टिपून वैऱ्याच्या कपाळी टेकवली.

"आता जा. पण गोल झालेला आमास्नी चालायचा न्हाई!"

हसत, भरल्या डोळ्यांनी त्यानं रेघ ओलांडली.