मागच्या सीटसाठी टायर

"काका, अठरा इंचीच घ्या. सोळा लावले तर एवढी मोठी गाडी ठेंगणी दिसेल," संग्रामसिंह म्हणाला.

फूलबागजवळच्या त्याच्या दुकानात माधवरावांची पांढरी एसयूव्ही जॅकवर चढवलेली होती. चारही टायर गुळगुळीत झाले होते. पुढच्या एका रिमची कड खड्ड्यात आपटून वाकली होती. समोरच्या भिंतीवर काळ्या-चंदेरी अलॉय व्हील्सची रांग टांगली होती आणि माधवरावांची नजर तिथून हलत नव्हती. निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली गाडी. तिला जे शोभेल तेच घ्यायचं, असं ठरवून ते घरून निघाले होते.

"मला सोळाच हवेत," त्यांची मुलगी श्रुती म्हणाली. "रिम लहान आणि टायर उंच. मध्ये रबर जास्त असलं की धक्का कमी पोचेल ना?"

"ते तर बरोबर आहे, ताई. या गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनी सोळाच देते, म्हणजे बसतील पण. पण लुक जाईल सगळा."

"लुक राहू दे. मागच्या सीटवर काय जाणवेल ते सांग."

माधवरावांनी तिच्याकडे पाहिलं. ही मुलगी चंबळकाठच्या एका संस्थेत काम करायची. जनावरांची मोजणी करत वर्षानुवर्षं उन्हातान्हात, जीपच्या टपावर बसून फिरलेली. धक्क्याबिक्क्याची तिनं कधी पर्वा केली नव्हती. आणि काल अचानक दर्पण कॉलनीतल्या घरी येऊन म्हणाली होती, "बाबा, परवा पहाटे तुमची गाडी हवी. टायर मात्र आधी बदलू. आणि चालवा तुम्हीच. तुमच्याइतकी सावकाश कुणी चालवत नाही."

श्रुतीचा फोन वाजला. ती दुकानाच्या दाराशी जाऊन हळू आवाजात बोलू लागली, पण गल्ल्यापाशी बसलेल्या माधवरावांना शब्द ऐकू आलेच.

"हो डॉक्टर, नाजूक वेळ आहे, कल्पना आहे मला. बाबा गाडी चालवणार आहेत. धक्का लागू देणार नाही."

माधवराव खुर्चीवरून उठले.

श्रुती आणि सुश्रुतच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. भोपाळचे डॉक्टर झाले, दिल्लीचे झाले. मग एक दिवस श्रुतीनंच सांगून टाकलं होतं की आता हा विषय नको. तेव्हापासून घरात बाळाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा ते भिंतीकडे पाठ करून उभे होते.

"सोळाच लाव," ते संग्रामसिंहला म्हणाले. "आणि सगळ्यात मऊ टायर कोणता, तो दाखव."

संग्रामसिंहनं दोन टायर पुढे आणले. एक जाड खाचांचा, कच्च्या रस्त्याला मजबूत. माधवरावांनी त्याच्या खाचांत बोटं घालून पाहिली.

"हा आवाज करेल?"

"थोडा घूं-घूं करतो, काका."

"मग नको. झोप मोडेल."

श्रुती हसली. "कुणाची, बाबा?"

"असंच म्हटलं."

त्यांनी दुसरा, बारीक नक्षीचा घेतला. गाडी खाली उतरल्यावर त्यांनी दुकानातला स्टीलचा पेला काठोकाठ भरून मागच्या सीटपुढे खाली ठेवला आणि फूलबागेला एक फेरी मारली. दोन गतिरोधक लागले. परत येऊन दार उघडलं तर पायपुसणीवर थेंबभर पाणी सांडलं होतं. तेवढ्यासाठी त्यांनी संग्रामसिंहला हवा थोडी कमी करायला लावली आणि पुन्हा फेरी मारली.

संध्याकाळी त्यांनी मागची सीट स्वतः पुसली. बहिणीला, सुधाताईला, सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. श्रुतीची बातमी श्रुतीनंच सांगायला हवी. पण एवढ्याशा जिवासाठी आपण रबराची जाडी तपासत होतो, हे आठवून ते अंगणात बराच वेळ गाडीकडे बघत उभे राहिले. अजून डोळे न उघडलेलं कुणीतरी उद्या त्यांच्या गाडीतून जाणार होतं.

पहाटे त्यांनी गाडी झाशी रस्त्याला घातली. भोपाळच्या डॉक्टरांकडेच जायचं, असं त्यांनी धरलं होतं.

"तिकडे नाही, बाबा. मुरैन्याकडे."

त्यांनी गाडी वळवली. मुरैना मागे पडलं, डांबर संपलं, मातीच्या घळींमधून वाट खाली उतरू लागली. नवे टायर प्रत्येक खड्डा पोटात घेत होते. शेवटी वाळू लागली आणि समोर चंबळ दिसली, रुंद, हिरवी, जवळजवळ न हलणारी.

"इथे कुठले डॉक्टर?" माधवराव म्हणाले.

"ते काय, आलेच आमच्या संस्थेचे डॉक्टर."

पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, चिखलानं माखलेला एक माणूस वाळूतून चालत येत होता. त्याच्यामागे चौघं जण एक मोठी पेटी आडवी धरून, पाऊल बघून टाकत येत होते. मागे काठाचा एक लांबलचक तुकडा खचून नदीत गेलेला दिसत होता. श्रुतीनं गाडीचं मागचं दार उघडलं. पेटी अलगद सीटवर टेकली. मग तिनं झाकण सारलं. आत ओलसर वाळू होती आणि वाळूत ओळीनं मांडलेली पांढरी अंडी.

"घडियालची आहेत, बाबा, लांब तोंडाच्या मगरीची. काठ ढासळतोय, आणि यांचे दिवस भरलेत. उबवण केंद्रावर न्यायचीत," ती कुजबुजली. "कान लावा."

माधवरावांनी चपला काढल्या, का ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही, आणि वाळूत उभं राहून ते पेटीवर वाकले. एका अंड्याच्या आतून कुणीतरी हाक मारत होतं आणि शेजारच्या अंड्यातून त्याला उत्तर येत होतं.