मनुक्यांचा वास

जिन्यावरून वर आलेला वास एनॉसने ओळखला आणि त्याच्या अंगातला उरलासुरला तापही थिजला. खाली मनुके शिजत होते.

लँकेस्टरच्या त्या वस्तीत मनुक्यांचे सारण भरून भाजलेली पाई कोणी हौसेने करत नसे. हौसेला सफरचंदे होती, पीच होते, चेरी होत्या. मनुक्यांची पाई फक्त मयताच्या घरासाठी. ती दिसली की माणसे आपोआप टोपी काढत.

"लोव्हिना! काय चाललंय खाली?"

"पाई करतेय."

"कसली?"

लाटणे क्षणभर थांबले. "तू पडून राहा बरं शांत."

एरवी त्याची बायको टोमण्याशिवाय बोलत नसे. आजच्या मऊ आवाजाचीच एनॉसला धास्ती वाटली. काल कुंपणाशी ती आणि जाऊ सलोमा कितीतरी वेळ कुजबुजत होत्या. त्याचा अर्थ आता लागला.

खिडकीतून कुंपण दिसत होते आणि त्याला लागून सफरचंदाचे छाटलेले खोड. वडिलांनी लावलेले ते झाड सावली पडते म्हणून कुंपणापलीकडे राहणाऱ्या थोरल्या भावाने, टोबायसने, तोडले होते. "याच्या मयतालाही मी येणार नाही," असे एनॉस चारचौघांत म्हणाला होता. तेव्हापासून भावाभावांत अबोला. बायकांची लोण्याची, पिठाची, बातम्यांची देवघेव मात्र चालूच राहिली. टोबायसही तापाने पडल्याचे तिथूनच कळले होते.

त्या खोडावर संध्याकाळचे ऊन रेंगाळत होते. एनॉसला वाटले, त्याने झाड तोडले. आपण अख्खा भाऊ तोडला.

भिंत धरत तो खाली आला. लोव्हिना पाईच्या कडा चिमटीने मुडपत होती.

"कोणासाठी गं?"

"घरच्याच माणसांसाठी." तिने एप्रनमध्ये तोंड लपवले. खांदे गदगदत होते.

"रडू नकोस. माझे बूट दे. टोबायसकडे जाऊन येतो, उशीर व्हायच्या आत."

"गळ्याला गुंडाळ काहीतरी," ती एप्रनमधूनच म्हणाली. "सर्दी होईल."

"आता सर्दी काय करणार मला, बाई!"

टोबायसच्या दाराशी पोचताच त्याला पुन्हा तोच वास आला. इथेही आपल्यासाठी मनुके शिजत होते तर! शेवटी रक्ताचे ते रक्ताचेच.

दार उघडेच होते. टोबायस उंबऱ्यात उभा होता. एक बूट पायात, एक हातात.

"एनॉस! मीच निघालो होतो रे तुझ्याकडे. झाड तोडायला नको होतं मी."

"जाऊ दे. मीही फार बोललो. मयताला येणार नाही म्हणालो."

"येशील ना मग?" टोबायसने हुंदका देत त्याला मिठी मारली. "फार दिवस नाहीत रे माझे. सलोमा सकाळपासून मनुके शिजवतेय."

"तुझे?" एनॉस म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि कुंपणापलीकडे सलोमाची खणखणीत हाक गेली, "लोव्हिना, जमलं गं! पाई घेऊन इकडेच ये, कॉफी मी ठेवते!"